घाटवाटांसाठी पहिली ई-सायकल निवडताना

मराठीत बाइक म्हटले की डोळ्यांपुढे मोटारसायकल उभी राहते, आणि त्यामुळे दुकानात जाऊन ‘ई-बाइक दाखवा’ असे सांगितले की पुष्कळदा विजेवर चालणारी स्कूटर पुढे केली जाते. या लेखात ज्या वाहनाचा विचार केला आहे ते पायडल मारूनच चालवायचे आहे आणि त्याची मोटर पायांना केवळ हातभार लावते. म्हणून येथे ई-सायकल हाच शब्द वापरला आहे. हा भेद नुसता शब्दांचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या सायकलच्या मोटरची अर्धा तास टिकणारी शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी असते आणि जिची मदत वेगाबरोबर हळूहळू घटत ताशी २५ किलोमीटरला, किंवा पाय थांबले तर त्याआधीच, बंद होते, ती सायकल मोटार वाहनात मोडत नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. या मर्यादेपलीकडच्या मोटरी बाजारात उघडपणे मिळतात, ‘घाटासाठी हीच घ्या’ असा आग्रहही होतो, परंतु ती मोटर बसवली की आपण विनानोंदणीचे मोटार वाहन चालवत असतो आणि अपघाताच्या वेळी ते महागात पडते.

मग २५० वॉटच्या आतल्या मोटरीवर घाट चढता येतो का? चढता येतो, मात्र सायकल त्यासाठी निवडलेली असली पाहिजे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो मान निव्वळ पायांचा आहे आणि ई-सायकलवाल्याने त्याची आशा धरू नये. पण ज्याचे गुडघे पन्नाशीला आले आहेत, त्याला रविवारी सकाळी सिंहगडावर जाऊन, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाऊन, उन्हे तापायच्या आत स्वतःच्या पायांनी घरी परतता येते, हे काही थोडे नाही.

आधी चढण मोजावी

पहिली ई-सायकल घेताना जवळजवळ सगळे मोटरच्या आकड्यापासून सुरुवात करतात. मीही तशीच केली होती आणि ती चूक होती. सुरुवात चढणीपासून करावी. महिन्याकाठी आपण खरोखर जाणार आहोत अशा दोन-तीन वाटा कागदावर लिहाव्यात, प्रत्येकीची लांबी आणि पायथा ते माथा उंची मोबाइलवरच्या नकाशावरून काढावी, आणि विशेषतः सर्वांत तीव्र दोन-तीनशे मीटरचा टप्पा कोणता ते पाहून ठेवावे. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि सिंहगडाचा माथा १३०० मीटरच्या वर आहे, म्हणजे घरापासून गडापर्यंत साडेसातशे मीटर चढायचे आहेत. वाई ते पाचगणी हा पसरणीचा घाट सुमारे ६०० मीटर चढवतो. हे आकडे एकदा हाताशी आले की दुकानदाराच्या बोलण्यातले कोणते वाक्य आपल्या कामाचे आहे ते कळू लागते.

एक छोटा हिशेब येथे करून ठेवतो, कारण पुढची निवड त्यावर उभी आहे. स्वार ७५ किलो, सायकल २५ किलो, पाणी, हवेचा पंप आणि पाठीवरची पिशवी मिळून १० किलो, असे एकूण ११० किलो वजन धरू. दहा टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर अंतरात दहा मीटर उंची वाढते अशा रस्त्यावर, हे वजन ताशी ९ किलोमीटरने वर न्यायला सुमारे ३०० वॉट शक्ती लागते. त्यांपैकी १०० वॉट एखादा साधा, सवय नसलेला माणूसही काही काळ पायांनी देऊ शकतो. उरलेले २०० मोटरने द्यायचे आहेत आणि ते तिच्या आवाक्यात आहेत. हाच चढ ताशी १८ किलोमीटरने चढायचा हट्ट धरला तर ६०० वॉट लागतात, आणि मग ना पाय पुरतात ना मोटर. म्हणजेच घाटात ई-सायकलकडून वेगाची अपेक्षा करायची नसून, ताशी सात ते दहा किलोमीटरच्या संथ चालीने न थकता आणि न तापता ती किती वेळ चढत राहते, हे पाहायचे असते.

मोटर चाकात की पायडलजवळ

ई-सायकलची मोटर दोनपैकी एका जागी असते. एक तर ती चाकाच्या, बहुधा मागच्या चाकाच्या मध्यभागी असते. हिला हब मोटर म्हणतात. किंवा ती पायडल जेथे फिरतात त्या जागी, सायकलच्या सांगाड्यात असते. हिला मिड-ड्राइव्ह म्हणतात. आपल्याकडे साधारण ३० ते ६० हजार रुपयांना मिळणाऱ्या बहुतेक ई-सायकलींना हब मोटर असते. बॉश, शिमानो, बाफांग यांच्या मिड-ड्राइव्ह मोटरी असलेल्या सायकली त्यापेक्षा बऱ्याच महाग, लाखाच्या पुढे जाणाऱ्या असतात.

हब मोटर थेट चाक फिरवते. सायकलचे दाते, म्हणजे गिअर, बदलले तरी पायांवरचा भार तेवढा बदलतो. मोटर बिचारी चाकाच्याच गतीने फिरत राहते. ती सपाट रस्त्यावरच्या ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगासाठी बांधलेली असते. घाटात वेग आठ-नऊवर उतरला की तिच्या फेऱ्या तिसऱ्या हिश्श्यावर येतात, तिला दिलेल्या विजेतला मोठा वाटा चाक फिरवण्याऐवजी तिलाच तापवू लागतो, आणि बहुतेक हब मोटरींच्या आत वेग कमी करणारी जी छोटी दातेरी चाके असतात ती पुष्कळदा नायलॉनची असल्यामुळे ही उष्णता त्यांना मानवत नाही. माझ्या पहिल्या सायकलवर हे मी सिंहगडाच्या एका वळणावर अनुभवले आहे. एप्रिल महिना होता. मदतीची पातळी सर्वांत वरची ठेवून मी जेमतेम पाय हलवत निघालो होतो, आणि अर्ध्याहून थोडे वर एका उलट्या वळणावर मोटरने आवाज न करता काम थांबवले. हँडलवरच्या पडद्यावर दिवा होता, बॅटरी निम्मी भरलेली होती, पण चाकाच्या मध्याला हात लावला तो झटकन मागे घ्यावा लागला. पंधरा-वीस मिनिटे झाडाखाली बसल्यावर ती पुन्हा चालू झाली. दोष फक्त मोटरचा नव्हता. सगळा भार तिच्यावर टाकून मी तिला सर्वांत वाईट वेगाने चालवत होतो.

मिड-ड्राइव्हचे गणित वेगळे आहे. ती साखळीला जोर लावते, त्यामुळे पायांना ज्या दात्यांचा फायदा होतो तोच तिलाही होतो. जाहिरातीत टॉर्कचे, म्हणजे फिरवण्याच्या जोराचे, आकडे न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असतात आणि तेथेच खरेदीदार फसतो, कारण ४० न्यूटन-मीटरची हब मोटर आणि ८५ न्यूटन-मीटरची मिड-ड्राइव्ह मोटर यांची सरळ तुलना होत नाही. हबचा आकडा चाकावरचा असतो, मिड-ड्राइव्हचा पायडलच्या आसावरचा. शिमानोच्या ईपी८ मोटरचे ८५ न्यूटन-मीटर पुढे ३२ आणि मागे ४२ दात्यांची जोडी लावली की चाकापाशी ११० च्या घरात जातात. आणि वर धरलेले ११० किलो दहा टक्के चढावर हलवायला चाकापाशी सुमारे ४१, तर पंधरा टक्क्यांवर सुमारे ६० न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे चाळीसची हब मोटर दहा टक्क्यांपर्यंत कशीबशी एकटी टिकते, त्यापुढचे पायांनी भरून काढायचे असते. आणखी एक गंमत अशी की यामाहाने १९९३ साली जपानमध्ये बाजारात आणलेल्या पायडल-मदतीच्या सायकलीत मोटर मधोमधच होती. हब मोटर स्वस्त पडते म्हणून पुढे तिचा इतका प्रसार झाला.

मिड-ड्राइव्हची किंमत फक्त खरेदीच्या दिवशी मोजावी लागत नाही. पायांचा आणि मोटरचा असा दुहेरी जोर साखळीवर येत असल्यामुळे साखळी आणि मागचे दाते लवकर झिजतात, आणि चढावर पूर्ण जोर असताना दाते बदलले तर खट्कन आवाज होऊन साखळी तुटण्याचीही शक्यता असते. दाते बदलताना क्षणभर पाय हलका करायची सवय लावून घ्यावी लागते.

माझे मत असे आहे: जो मुख्यतः डांबरी घाटांतून जाणार आहे, पाय चालवायला तयार आहे आणि ज्याचे वजन फार नाही, त्याने चांगले दाते असलेली हब मोटरची सायकल निःशंक घ्यावी आणि वाचलेले पैसे ब्रेक आणि टायरवर घालावेत. ज्याला मुरमाच्या सुट्या खड्यांवरून, बैलगाडीच्या वाटांवरून, डोंगराच्या सोंडेवरून चढायचे आहे त्याने थोडे थांबून पैसे जमवावेत आणि मिड-ड्राइव्हच घ्यावी. मधला मार्ग म्हणून मोठ्या आकड्याची हब मोटर घेणे हा मला सर्वांत वाईट सौदा वाटतो.

दाते आणि सेन्सर

हब मोटरची सायकल घेणाऱ्याने मोटरच्या आधी मागचे दाते मोजावेत. त्याला दोन मिनिटे लागतात आणि विक्रेत्याला थोडे आश्चर्य वाटते. पुढे ४२ आणि मागे मोठ्यात मोठी चकती २८ दात्यांची असेल, तर साडेसत्तावीस इंची चाकावर पाय मिनिटाला ६० फेऱ्या मारत असताना सायकल ताशी जवळजवळ १२ किलोमीटरने चालते. दहा टक्क्यांच्या चढावर हा वेग राखायला चारशे वॉटच्या आसपास लागतात, म्हणजे मोटर पूर्ण जोरात असतानाही दीडशे वॉट पायांनी द्यायचे. नवख्याला ते झेपत नाही. त्याचे पाय मंदावतात, वेग घसरतो, मोटर तापते आणि तो दोष बॅटरीला देतो. पुढे ३२ आणि मागे ४२ असतील तर त्याच पायगतीला वेग ताशी ६ किलोमीटर असतो आणि पाय मोकळे फिरत राहतात. अडचण अशी की स्वस्त हब मोटरींवर मागची चकती आट्यांनी फिरवून बसवलेली असते आणि तिच्यावर मोठ्या दात्यांचा संच बसत नाही. फार तर ३४ दात्यांपर्यंत जाता येते. ‘मागाहून बदलून घेऊ’ असे म्हणण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. पुढची चकती लहान करून घेणे मात्र पुष्कळ सायकलींवर शक्य असते आणि त्याचा खर्च फारसा नसतो.

मोटरने मदत कधी द्यायची हे ठरवणाऱ्या सेन्सरचे दोन प्रकार आहेत. पहिला फक्त पायडल फिरत आहे की नाही एवढेच ओळखतो; दुसरा पायाचा जोर मोजतो आणि त्या प्रमाणात मदत देतो. डांबरी रस्त्यावर पहिल्याने काम भागते. वाटेवर मात्र तो त्रास देतो, कारण पायडल अर्धी फेरी फिरेपर्यंत मदत येत नाही आणि नंतर एकदम येते, तर पाय थांबवल्यावरही क्षणभर चालूच राहते. खडकाच्या कडेला, ओहोळाच्या काठावर किंवा उलट्या वळणावर हा एक क्षण पुरेसा असतो. आडवाटांवर जायचे असेल तर जोर मोजणारा सेन्सर हवाच, आणि या एका गोष्टीसाठी मी रंग, पडदा, मोबाइलचे ॲप या सगळ्यांवर पाणी सोडीन.

बॅटरीचा हिशेब

बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास असे दोन आकडे असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास, आणि तुलना याच आकड्याने करावी. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-तासांची बॅटरी २८० वॉट-तासांची, १०.४ ची ३७४, तर १४ ची ५०४ वॉट-तासांची झाली. किती किलोमीटर जाते, हे विक्रेत्याला विचारण्यात अर्थ नाही, कारण त्याचा आकडा सपाट रस्ता, हलका स्वार आणि सर्वांत कमी मदत धरून काढलेला असतो.

पुन्हा सिंहगडाचेच उदाहरण घेऊ. ११० किलो वजन साडेसातशे मीटर वर न्यायला २२५ वॉट-तासांचे काम होते. त्यातले निम्मे पायांनी केले तर मोटरच्या वाट्याला ११२ येतात, आणि मोटर व तिला वीज मोजून देणारा नियंत्रक मिळून विजेचा चौथा हिस्सा वाटेतच हरवतात असे धरले तर बॅटरीतून दीडशे वॉट-तास जातात. शहरापासून पायथ्यापर्यंत जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर सपाट वाट बेताच्या मदतीने, दर किलोमीटरला पाच वॉट-तास धरून, काढली तर आणखी अडीचशे. एकूण चारशे झाले. त्यामुळे ३७४ ची बॅटरी असलेला माणूस परतताना घर पाचेक किलोमीटरवर असताना पायांवर येतो आणि २८० वाला त्याच्याही आधी. उपाय दोन आहेत: मोठी बॅटरी घेणे, किंवा सपाट रस्त्यावर मोटर बंद ठेवून सगळी वीज घाटासाठी राखणे. दुसरा उपाय फुकट आहे, पण तेव्हा सायकल मोटरशिवाय किती जड चालते हे महत्त्वाचे ठरते. आतून दाते असलेली हब मोटर बंद असताना चाकाला अडवत नाही. दाते नसलेली, थेट फिरणारी मोटर मात्र मागे ओढते.

उतारावर बॅटरी पुन्हा भरते, असे ज्याला सांगितले जाते त्याने हे ध्यानात ठेवावे की ती सोय फक्त त्या थेट फिरणाऱ्या हब मोटरीत असू शकते. आतून दाते असलेल्या हब मोटरीत आणि मिड-ड्राइव्हमध्ये उतरताना चाक मोटरला फिरवतच नाही.

बॅटरी किल्लीने काढून घरात नेता येणारीच घ्यावी. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याच्या गाडीतळावर विजेची जोडणी नसते, आणि असली तरी त्यावरून सोसायटीच्या सभेत चर्चा होते. पाचशे वॉट-तासांची बॅटरी पूर्ण भरायला साधारण अर्धा युनिट वीज लागते, त्यामुळे खर्चाचा विचार करण्याचे कारण नाही. घाटातून आल्याबरोबर गरम बॅटरी भरायला लावू नये, तिला तासभर निवू द्यावे. आणि पावसाळ्यात सायकल दोन महिने उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्म्याच्या आसपास ठेवावी.

परदेशातल्या भावाकडून किंवा मुलाकडून सायकल मागवण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. प्रवासी विमानातून १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी सामानात नेता येत नाही, म्हणजे सायकल येईल आणि बॅटरी तिकडेच राहील. शिवाय अमेरिकेत ७५० वॉटपर्यंतच्या मोटरची गाडीही साधी सायकल म्हणून विकली जाते, ती आपल्या नियमात बसत नाही.

उतार

चढण्याचाच विचार करून सायकल घेणारा उताराला विसरतो. चढताना जी ऊर्जा साठवली ती बरीचशी उतरताना ब्रेकच्या चकत्यांना उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते, आणि साध्या सायकलपेक्षा येथे दहा-बारा किलो वजन जास्त असते. तारेने ओढले जाणारे डिस्क ब्रेक शहरात ठीक असतात. लांब घाटात मात्र बोटे आखडतात, तार ताणली जाते आणि दर आठवड्याला आवळावी लागते. म्हणून तेलाच्या दाबावर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घ्यावेत. पुढची चकती १८० मिलिमीटरची तरी असावी. १६० ची ७५ किलोच्या स्वाराला लांब उतारावर कमी पडते. ब्रेक दाबताच मोटरची वीज तोडणारी कळ दांडीत आहे का, हेही पाहावे. पायडल ओळखणाऱ्या सेन्सरच्या सायकलीला ती नसेल तर ती सायकल घेऊ नये.

उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नयेत. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग उतरवावा आणि मग सोडावेत, म्हणजे चकतीला वारा लागतो. पावसात लाल चिखल किंवा मुरमाची कणी ब्रेकच्या पॅडमध्ये अडकली की घासल्याचा आवाज येतो. त्या आवाजावर घर गाठायचा प्रयत्न केला तर एका दिवसात पॅड संपलेले मी पाहिले आहेत.

टायर आणि पंक्चर

दख्खनच्या पठारावर सायकलचा खरा शत्रू चढ नसून बाभळीचा काटा आहे. टायर २.२ इंच किंवा त्याहून रुंद असावा, आणि शक्य असेल तर ट्यूबशिवाय चालणारा, आत पातळ डिंकासारखा द्रव भरलेला असावा; काट्याचे भोक तो स्वतःच बुजवतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाच्या सड्यांवरून जाणाऱ्याला रुंद टायर कमी हवेवर चालवण्याचा फायदा कळतो. पावसाळ्यात मात्र शेवाळलेल्या कातळावर कोणताच टायर धरत नाही. तेथे उतरून चालावे.

मागच्या चाकात हब मोटर असेल तर पंक्चर हा वेगळाच प्रकार होतो. साध्या सायकलचे चाक पुष्कळदा दांडी फिरवली की निघते. येथे आधी चाकाजवळचा वायरचा जोड शोधून सरळ ओढून सुटा करावा लागतो, दोन्ही बाजूंचे मोठे नट सोडवायला बहुधा १८ मिलिमीटरचा पाना लागतो, आणि आसाला फिरू न देणारी खाचेची वायसर कोणत्या बाजूने कशी बसली होती ते लक्षात ठेवावे लागते. ती उलटी बसली तर मोटर जोर लावताच आस खोबणीत फिरतो आणि वायर पिळली जाते. ताम्हिणीच्या रस्त्यावर माझ्याकडे पंप होता, ट्यूब होती, चिकटवायचे साहित्य होते, पण पाना नव्हता. एका टेम्पोवाल्याने त्याच्या अवजारांच्या पिशवीतून तो काढून दिला आणि चाक निघेपर्यंत ‘यात बॅटरी कुठं असते’ असे तीनदा विचारले. त्या दिवसापासून पाना बसण्याच्या खोगिराखालच्या पिशवीत आहे. खरेदीपूर्वी दुकानातच मागचे चाक एकदा काढून बसवून दाखवायला सांगावे, आणि वायसरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

पुढच्या चिमट्यात शंभर ते एकशेवीस मिलिमीटर दबणारी स्प्रिंग आपल्या वाटांना पुरते, आणि चढावर ती बंद करण्याची कळ असावी. मागेही स्प्रिंग असलेल्या स्वस्त सायकली टाळाव्यात. त्या वजन वाढवतात आणि चढताना झोके घेत पायांचा जोर खातात.

दुकानात

सायकल आवडली की आधी ती उचलून पाहावी. दोन पायऱ्या उचलून नेता आली नाही तर वाटेवरच्या तारेच्या कुंपणाशी किंवा नाल्याच्या बांधाशी आपली अडचण होणार आहे. ताशी पाच-सहा किलोमीटरने, शेजारी चालत असताना सायकल ढकलायला मदत करणारी ‘वॉक’ कळ असेल तर ती तेथेच चालवून पाहावी. खडकाळ चढावर तिची किंमत कळते. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यावर आडव्या दांडीपासून चार बोटे तरी जागा असावी, कारण आडवाटेवर उतरण्याची वेळ अचानक येते.

चाचणी सपाट रस्त्यावर घेण्याचा आग्रह सगळेच विक्रेते धरतात. नम्रपणे पण ठामपणे जवळचा उड्डाणपूल किंवा एखाद्या इमारतीच्या तळघराचा उतार मागून घ्यावा. चढाच्या मध्यावर पूर्ण थांबावे, सर्वांत हलक्या दात्यांवर असताना पुन्हा निघून पाहावे; मदत लगेच येते की दोन फेऱ्यांनंतर येते, ते येथे लपत नाही. मग पाय थांबवून मदत किती वेळ चालू राहते हे मनात ‘एक, दोन’ मोजून पाहावे. शेवटी मोटर बंद करून तोच चढ एकदा पायांनी चढावा. ही तिसरी चाचणी कोणी घेत नाही, पण बॅटरी संपल्याच्या दिवशी हीच सायकल आपल्याला घरी आणायची असते.

पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा विचारावा. आयपीएक्स४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसते एवढेच. आयपी६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जात नाही. हा दर्जा बॅटरीचा आहे, मोटरचा आहे की पडद्याचा, हे वेगळे विचारावे, कारण कागदावर बहुधा तिघांपैकी सर्वांत चांगला छापलेला असतो. कोणत्याही दर्जाची सायकल असली तरी गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने ती धुऊ नये.

दुरुस्तीची सोय गावात आहे का, हा प्रश्न माझ्या मते किमतीइतकाच मोठा आहे. गल्लीतला सायकलवाला साखळी, दाते, टायर पाहून देतो, पण मोटर आणि नियंत्रक तो उघडत नाही आणि त्याने उघडू नये. नवी बॅटरी कितीला पडते आणि ती चार वर्षांनीही मिळेल का, हे विचारून उत्तर लेखी घ्यावे. सायकलच्या किमतीचा मोठा भाग तीच असते आणि आधी तीच म्हातारी होते. कोल्हापूर किंवा रत्नागिरीत राहणाऱ्याने पुण्याहून सायकल घेतली तर हमीच्या काळात ती परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच कागदावर असावे.

वनखात्याच्या हद्दीतल्या वाटा, अभयारण्ये आणि गडांचे माथे यांबाबत जेथे जायचे तेथील फाटकावर आधी विचारावे. कायद्याने सायकल असली तरी मोटर दिसली की चौकीवरचा माणूस अडवू शकतो आणि त्याच्याशी वॉटचा हिशेब करत बसण्यात सकाळ जाते.

सायकल ताब्यात घेतल्यावर दोन गोष्टी विसरू नयेत. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर मोटरच्या चाकाच्या तारा, म्हणजे स्पोक, आवळून घ्याव्यात, कारण त्या चाकावरचा ताण साध्या चाकापेक्षा जास्त असतो आणि नव्या तारा सैल पडतात. आणि बॅटरीच्या कुलपाच्या किल्लीवर किंवा तिच्या बिल्ल्यावर जो बारीक क्रमांक कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवावा. दोन्ही किल्ल्या हरवल्या तर त्या क्रमांकावरूनच नवी मिळते, नाहीतर कुलूप फोडावे लागते.